सेकंड डिव्हिजनसाठी देव पाण्यात

माझ्या नवऱ्याने लग्नाआधी जर्मनीतल्या एका लहानशा शहरात पीएचडी केली आणि पदवीबरोबर तिथला एक फुटबॉल क्लबही घेऊन आला. त्याऐवजी म्हैस आणली असती तरी मी सांभाळली असती, निदान दुधाची तरी सोय झाली असती. हा क्लब सेकंड डिव्हिजनमध्ये खेळतो, म्हणजे हरतो, आणि सिंगापुरात पाया लेबारच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो नेमका जेवणाच्या वेळेला हरतो. आमटी गार होत असते आणि नवरा टीव्हीसमोर डोकं धरून बसलेला असतो. इतकी वर्षं हे वेड एकट्याचं होतं म्हणून मी खपवून घेतलं. मग पुण्याहून माझे बाबा आले.

आई गेल्यापासून बाबा वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात. या वेळी ते आले ते उजवा गुडघा ओढतच. मागच्या खेपेला पुलाउ उबीन बेटावर भाड्याची सायकल घेऊन ते नातीच्या पुढे पळाले होते. या वेळी बेटावर नेणाऱ्या छोट्या बंबोटीतून उतरले आणि धक्क्याजवळच्या बाकावर शहाळं घेऊन जे बसले ते आम्ही परत येईपर्यंत बसूनच. "तुम्ही फिरा. मला समुद्र बघायचाय," म्हणाले. आयुष्यात कोकणात गेले तरी माशाच्या ताटावरून नजर उचलून समुद्र न बघितलेला हा माणूस! परतीच्या बोटीत मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी चिडते.

गुडघा बदलायला हवा हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुण्यातले डॉक्टर तयार होते, तिथे माझा भाऊ आणि वहिनी तयार होते. बाबा तेवढे तयार नव्हते. आधी दिवाळी होऊ दे, मग संक्रांत होऊ दे, मग उन्हाळा नको. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. खरं कारण एकच होतं, बाबांना भीती वाटत होती. पण वीज मंडळात जन्मभर खांबावर चढलेल्या माणसाने भीती वाटते असं कसं म्हणायचं?

त्यातच त्यांना हा क्लब सापडला. आधी जावयाला बरं वाटावं म्हणून शेजारी बसायचे. जावई आणि सासरे एकमेकांना अहो-जाहो करत, वाटीतले दाणे पुढे-मागे सरकवत सामना बघायचे. गोलमागच्या स्टँडमध्ये खुर्च्याच नाहीत, माणसं पूर्ण वेळ उभीच असतात, हे बघून बाबांना फार वाईट वाटलं. "एवढे पैसे घेतात आणि बसायची सोय नाही?" नवऱ्याने समजावलं की त्यांना उभंच राहायचं असतं. बाबांना ते काही पटलं नाही.

पण महिन्याभरात बाबा सोफ्यावरून टीम चालवायला लागले. डावा बॅक कसा आळशी आहे, कोच कसा दरवेळी उशिरा जागा होतो, सगळं उंटावरून शेळ्या हाकणं. क्लब तळाकडे घसरत चालला तसतसा त्यांचा जीव त्यात जास्तच अडकला. नात येता-जाता सांगायची, "आजोबा, धिस टीम कॅन्नॉट मेक इट लाह." तिला लगेच गप्प केलं जायचं. आणि मी ऑपरेशनचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "लीग संपू दे."

मार्चमध्ये मी एकदा जेवताना तोंड सोडलं. बाबांनी शांतपणे ताकाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. ही टीम सेकंड डिव्हिजनमध्ये टिकली, तर ऑपरेशन करून घेतो. नाही टिकली, तर हा विषय परत काढायचा नाही."

त्या वेळी टीम शेवटून दुसरी होती. बाबा हिशेब करूनच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात बसून मी आयुष्यात पहिल्यांदा जर्मन फुटबॉलचा तक्ता उघडला. शेवटचे दोन थेट खाली जातात, एवढं मला कळलं आणि तेवढं पुरे वाटलं. घरी येऊन मी आईच्या पद्धतीप्रमाणे देवघरातला पितळी गणपती उचलला, भाताच्या मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं आणि त्यात ठेवला. इच्छा पूर्ण होईपर्यंत तू पाण्यात, असा सरळ व्यवहार. देवाला थोडी गैरसोय झाल्याशिवाय तो मनावर घेत नाही, असं आई म्हणायची. रोज पूजा बाबाच करतात. त्यांनी पातेलं बघितलं आणि फूल पाण्यातच वाहिलं. नवरा मात्र हरखला. "तूही आलीस आमच्यात!" म्हणाला.

आणि टीम जिंकायला लागली हो! मी किचनमधून "ऑफसाइड होता का?" असं ओरडून विचारायला लागले. शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली आणि आमचा क्लब शेवटून तिसरा राहिला. खाली जाणारे दोन, आपण तिसरे, म्हणजे वाचलो! मी तिथल्या तिथे गणपती बाहेर काढला, पुसला, कापूर लावला आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

"काय करतेस?" नवरा दारात उभा राहून ओरडला. "अजून दोन सामने आहेत!"

शेवटून तिसऱ्याला खालच्या डिव्हिजनच्या तिसऱ्याशी खेळावं लागतं आणि हरला तर जागा सोडावी लागते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी घाईघाईने गणपती परत पातेल्यात ठेवला. पण नवऱ्याचा चेहरा पडला तो पडलाच. विद्यापीठात पेशींवर संशोधन करणारा हा माणूस मला हळूच म्हणाला, "असं मध्येच काढलेलं चालतं का गं?"

पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसरा आपल्याकडे पहाटे होता, म्हणून तो सकाळी उठून रेकॉर्डिंगवर बघायचा ठरला. आम्ही दोघांनी रजा टाकली, मुलीला शाळेत पाठवलं आणि निकाल कळू नये म्हणून फोन बंद करून पोह्यांच्या बशा घेऊन बसलो. संपायला थोडा वेळ उरला असताना समोरच्यांनी गोल केला. आळशी डाव्या बॅकच्याच बाजूने. मग शिट्टी वाजली. नवऱ्याने उशीत तोंड खुपसलं. मीही रडले, पण मी गुडघ्यासाठी रडले.

टीव्हीवर मात्र वेगळंच चाललं होतं. गोलमागची ती सगळी उभी माणसं मफलर डोक्यावर धरून गात होती. मैदानात लोळून रडणाऱ्या पोरांसाठी गात होती, आणि घरी जायचं नावच घेत नव्हती.

बाबा कितीतरी वेळ बघत राहिले. मग बशी बाजूला ठेवून जावयाला म्हणाले, "जरा हात द्या."

बाबांनी कधी कोणाकडे हात मागितलेला मी पाहिला नव्हता. टेबल धरतील, भिंत धरतील, पण माणूस नाही. नवऱ्याने डोळे पुसत त्यांना उठवलं. त्याच्या खांद्यावर हात टाकून, गुडघा थरथरत असताना, बाबा ते गाणं संपेपर्यंत उभे राहिले. मग खाली बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टरांची तारीख घे. पुढच्या वर्षी एवढ्यावर दमून चालायचं नाही."

मी किचनमध्ये पळाले. पातेल्यातून गणपती काढला आणि पदर नव्हता म्हणून टी-शर्टलाच पुसायला लागले. मागून नवरा बाबांना हात देत घेऊन आला. "अगं, बाहेर कशाला काढतेस?" तो म्हणाला. "टीम तर खाली गेली."

"काढू द्या हो," बाबा म्हणाले. "टीमसाठी कुठे ठेवला होता तिने?"