लाकडी बहिणीचे स्नान

समोरच्या खिडकीत रोज सकाळी एक स्नान चालते. तिथे राहणारी नायजेरियातील योरुबा जमातीची विद्यार्थिनी जुळ्यांपैकी एक. दुसरी शैशवातच निवर्तली. कुलाचाराप्रमाणे तिच्या लहानशा लाकडी मूर्तीला ही न्हाऊ घालते.

काल मी पूजेला बसलो असता ती दाराशी येऊन थबकली. “आजोबा, बहिणीवर कादंबरी लिहितेय. पण कथेत ती मोठी झाली, तर माझ्या हाती नुसते लाकूडच उरेल का?”

माझ्यासमोर ताम्हनात बाळकृष्ण होता. “याची कथा पिढ्यान्पिढ्या सांगतात, तीत हा द्वारकेचा राजा होतो, निजधामासही जातो. तरी पाणी कोमट आहे ना, हे मी रोज पाहतोच.”

“म्हणजे तुमचाही अजून रांगतोच!” ती हसली आणि तिने डोळे पुसले.

आज खिडकीत मूर्ती दिसली, नुकतीच न्हालेली, उघड्या वहीकडे तोंड करून ठेवलेली.