ड्रायव्हर बघायला अमेरिकेला

शनिवार पेठेतला दत्तप्रसाद अमेरिकेला निघाला, तेव्हा त्याला सोडायला सुमो भरून माणसं मुंबईच्या विमानतळापर्यंत गेली. साल अठ्ठ्याण्णव. शेजारच्या गोदाबाईंनी काम काय म्हणून विचारलं, तर वडील रंगनाथराव म्हणाले, "तिकडच्या लोकांना कॉम्प्युटर जमेना, म्हणून बोलावलंय."

खरी गोष्ट बरीच साधी होती. दत्तप्रसादच्या कंपनीनं पाठवलेला प्रोग्रॅम तिथल्या गिऱ्हाइकाकडे चालेना. डेटाबेसशी बोलायला कॉम्प्युटरवर ड्रायव्हर नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर लागतं. ते तुमच्याकडे जुनं आहे, असं इथल्या सोहनी साहेबांचं म्हणणं. गिऱ्हाईक म्हणे, नवीनच आहे. ईमेलवर भांडून दोघंही दमले, तेव्हा साहेब म्हणाले, "दत्तप्रसाद, स्वतः जाऊन व्हर्जन बघून ये."

तिथे त्यानं कंट्रोल पॅनेल उघडलं आणि ड्रायव्हरच्या नावापुढचा आकडा वाचला. समोरची कॉफी निवायच्या आत काम संपलं. ड्रायव्हर नवीनच होता. मनात शंका आली, म्हणून त्यानं पुण्याला फोन करून साहेबांना ऑफिसातल्या मशीनवर तेच बघायला लावलं.

"आपलाच जुना आहे रे," साहेब जरा वेळानं म्हणाले. "कुणाला बोललास?"

"अजून नाही."

"मग बोलू नकोस. व्हिसा तीन महिन्यांचा आहे. थोडं थोडं तपासत राहा."

दत्तप्रसाद तपासत राहिला. पण गिऱ्हाइकाकडची बाई रोज येऊन विचारी, "आमचं काही चुकलंय का? सांगा, दुरुस्त करू." या सभ्यपणापुढे त्याचा टिकाव लागेना. शेवटी त्यानं सगळं सांगून टाकलं. बाई हसली, तिनं मनापासून आभार मानले, आणि त्याचं परतीचं तिकीट लवकरचं करून दिलं.

घरी परतला, तर जिन्यातच गोदाबाई भेटल्या. "काय रे दत्ता, विमान चुकलं का?"

रंगनाथराव वैतागले. "आता लोकांना काय सांगायचं?"

"खरं सांगा."

"नुसता आकडा वाचायला अमेरिकेला गेला होतास, हे? कोण विश्वास ठेवेल?"

त्याच्या खरेपणावर खूश होऊन त्या बाईनं कंपनीला आणखी मोठं काम दिलं. बोलणी करायला सोहनी साहेब गेले, सहकुटुंब. दत्तप्रसादला बढती मिळाली: बाहेर काही पाठवण्याआधी ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवरचा ड्रायव्हर तपासायचा. पगार तोच.

वर्षभरानं त्याच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. रंगनाथरावांनी माहितीच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'अमेरिका रिटर्न्ड'. दत्तप्रसादनं ते वाचलं, पेन हातात घेतलं, आणि फक्त उंची दुरुस्त केली.