कलकत्ता सोडल्याचं साल

सौ. यामिनी हेमंत देवस्थळी. वय वर्षे त्रेचाळीस. कर्मचाऱ्याशी नाते: पत्नी. व्यवसाय: निरंक. सध्याचा पत्ता: कर्मचाऱ्याच्या पत्त्याप्रमाणे. सदर व्यक्ती कर्मचाऱ्यावर पूर्णतः अवलंबून असून, बदलीचा आदेश निघाल्यास विहित मुदतीत व अनुज्ञेय सामानासह नव्या ठिकाणी स्थलांतरित होईल.

हे वर्णन हेमंत देवस्थळीच्या बँकेतल्या बदली-भत्त्याच्या अर्जातलं आहे. अर्जात यामिनी ही आश्रित क्रमांक एक आणि मुलगी नूपुर क्रमांक दोन. क्रमांक तीनपुढे जागा रिकामी असते. तिथे हेमंतने एकदा गमतीत 'फ्रिज' लिहिलं होतं, ते मुख्य कार्यालयाने गांभीर्याने नामंजूर केलं.

'व्यवसाय: निरंक' हे पूर्ण खरं नव्हतं. यामिनीने संख्याशास्त्रात एम. एस्सी. केलं होतं आणि लग्नाच्या वेळी ती पुण्यात बाजारपेठांची पाहणी करणाऱ्या एका कंपनीत होती. नंतर हेमंतची बदली रायपूरला झाली, मग कानपूरला, मग राजकोटला. प्रत्येक गावात तिने नोकरी शोधली, जम बसवला आणि आदेश आला की राजीनामा दिला. तिच्या अनुभवपत्रांवर वेगवेगळ्या साहेबांच्या सह्या आहेत, पण शेवटचं वाक्य सगळीकडे एकच: 'यांनी स्वेच्छेने नोकरी सोडली.' कलकत्त्याला आल्यावर तिने शोधायचंच सोडून दिलं. इथे आल्याला अडीच वर्षं होत आली. बँकेत तीन वर्षं झाली की माणूस हलतो.

दुर्गापूजेच्या सुट्टीत बालीगंजच्या फ्लॅटमध्ये जेवताना ती म्हणाली, "पुढच्या ऑर्डरला मी येणार नाही. नूपुरची पुढच्या वर्षी बारावी आहे. आणि मला नोकरी लागली तर मी इथेच राहीन."

हेमंतने वरणाची वाटी पुढे केली. "लागली तर बघू," तो म्हणाला.

तो वाईट माणूस नाही. त्याने फक्त तिच्या वाक्यातला 'तर' तेवढा उचलला. ऑर्डर वसंतात येते. म्हणजे मध्ये एक हिवाळा होता, आणि कलकत्त्याचा हिवाळा किती टिकतो हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको.

तिने पाहिलं, तर तिच्या कामाचं आता नावच बदललं होतं. पूर्वी आकडेमोड करून अहवाल लिहीत. आता त्याला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात, अहवालाला डॅशबोर्ड म्हणतात, आणि साहेब तो वाचत नाहीत, त्याच्यावर क्लिक करतात. त्यासाठीचं सॉफ्टवेअर यामिनी घरी बसून शिकली. मुलाखतीत विचारले जाणारे प्रश्न इंटरनेटवर शेकड्याने मिळतात, उत्तरांसकट. ती कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ते घोकायची. 'डेटातल्या रिकाम्या जागा तुम्ही कशा हाताळता?' उत्तर: 'आधी त्या रिकाम्या का आहेत हे समजून घेते. मग योग्य गृहीतक धरून भरते.' हे उत्तर तिला इतकं पाठ झालं की नूपुरलाही झालं.

नूपुरचं मराठी सगळ्या बदल्या खाऊन मोठं झालेलं आहे. ती म्हणाली, "आई, तू उत्तर एकदम ठीक देते. पण थोडं थांबून दे ना. तू तर ट्रेनची अनाउन्समेंट करते असं लागतं."

सराव मुलाखत हेमंतने घेतली. बढतीच्या मंडळावर तो दोनदा बसलेला, त्यामुळे अनुभवी. सोफ्यावर बसून, चष्मा काढून त्याने पहिला प्रश्न टाकला, "तुमच्या शाखेची थकबाकी कमी करण्यासाठी तुम्ही काय केलंत?"

"हेमंत, मी शाखेत नाही."

"दबावाखाली तुम्ही कसं वागता ते बघतोय."

"मग बघ. आज भाजी तू कर."

पहिली खरी मुलाखत न्यू टाउनमधल्या एका काचेच्या इमारतीत झाली. पंचविशीतल्या मुलाने विचारलं, "काही बनवलंय का स्वतः?" तिने लॅपटॉप उघडला. शिकवणाऱ्या सगळ्या व्हिडिओंमध्ये सरावाला एका परदेशी दुकानाची फर्निचरविक्री असते, तिचाच डॅशबोर्ड. मुलगा सभ्य होता. तो म्हणाला, "मॅम, हा सोफा मी सकाळपासून पाहतोय." नकाराचं पत्र ती घरी पोचण्याआधी आलं.

तिला स्वतःचा डेटा हवा होता. तो शहरातच, बेहालाला मिळाला.

बेहालाला मनोहर पेंढारकर राहतात. सत्तरी गाठलेले, आमच्या छोट्याशा मराठी मंडळाचे सचिव. शहरातल्या मराठी घरांना गणपतीचं बोलावणं धाडायचं हे मंडळाचं मुख्य, आणि खरं सांगायचं तर एकमेव, काम. त्यासाठी मनोहरकाका पहिल्यापासून सगळ्या कुटुंबांची नोंद ठेवत आले आहेत: नाव, नोकरी, वस्ती, आल्याचं साल, गेल्याचं साल. यामिनीने मागताच त्यांनी सगळं दिलं. म्हणाले, "घेऊन जा. एवढ्या वर्षांत कुणी मागितलं नव्हतं."

शेवटचा रकाना बहुतेक रिकामाच होता. आमच्यातलं कुणी गाव सोडताना मंडळाला कळवत नाही. येताना मात्र सगळे पहिल्या आठवड्यात फोन करतात, कारण चांगला साबुदाणा कुठे मिळतो ते विचारायचं असतं. यामिनीने पाठ केलेलं उत्तर आठवलं आणि रिकाम्या जागा भरल्या. बँकवाले आणि केंद्र सरकारवाले: आल्याचं साल अधिक तीन. तिला हे गृहीतक धरल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने एकही पडदा खिडकीच्या मापाने शिवला नव्हता. पडदे पुढच्या घरालाही बसावेत म्हणून ती लांबच ठेवायची.

डॅशबोर्ड देखणा झाला. शहराचा नकाशा, त्यावर प्रत्येक घराचा एक ठिपका. गेल्याचं साल भरलेले करडे, बाकीचे हिरवे.

मुलाखतीत घाबरू नये म्हणून आधी तो आम्हाला दाखवायचं ठरलं. दिवाळीनंतरच्या रविवारी मनोहरकाकांकडे फराळ होता. लॅपटॉप त्यांच्या टीव्हीला जोडला. यामिनी उभी राहिली आणि पाच-सात मिनिटं छान बोलली. मग प्रश्न आले.

"माझा ठिपका नदीत का आहे गं?" लीनाताईंनी विचारलं. त्या न्यू अलिपूरला राहतात, नदीपासून चांगल्या लांब.

"पत्ता अर्धवट होता, लीनाताई. दुरुस्त करते."

"आणि हा न्यू टाउनचा एवढा हिरवा पुंजका कुठला? तिकडचं तर आरतीला कुणी दिसत नाही!"

"ते आयटीवाले," सलील म्हणाला. तो स्वतः तिथलाच. "आम्ही मनाने येतो."

"मनाला मोदक मिळत नाहीत हो," प्रेमलताकाकू म्हणाल्या. या मनोहरकाकांच्या पत्नी.

काका खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी जवळ बसले होते. त्यांनी बेहालाच्या एका ठिपक्यावर बोट टेकवलं. ठिपका करडा होता. यामिनीने क्लिक केलं. पडद्यावर आलं: पेंढारकर, मनोहर. बँक. आले १९८६. गेले १९८९.

मग काकू म्हणाल्या, "मला तरी सांगून जायचं!"

हसून हसून सलीलला ठसका लागला. काकाही हसले. मग यामिनीकडे वळून, मुलाला गणित समजावतात त्या आवाजात म्हणाले, "अगं, ऑर्डर आली होती एकोणनव्वदला. नागपूरची. बढतीही होती. मी नाही म्हटलं. मग आयुष्यभर त्याच खुर्चीत बसलो. साहेब म्हणाले, तुझं नुकसान होईल. झालं. पण गेलो नाही. तो रकाना रिकामा होता कारण मी गेलो नव्हतो."

"माझ्या डोक्यातच आलं नाही, काका," यामिनी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. रिकाम्या जागा का रिकाम्या आहेत हे आधी समजून घेते, असं ती गेला महिनाभर इंग्रजीत म्हणत होती.

मग तिने तिथेच सगळ्यांना एकेक करून विचारलं. जे खोलीत चकली खात होते त्यांच्या नावापुढचं गेल्याचं साल पुसलं, बाकीच्यांना फोन लावले. बरेच ठिपके हिरवे झाले. लीनाताई नदीतून बाहेर आल्या. कोणी राहून गेलं का हे कुणी तपासलं नाही. लॅपटॉप चालवणाऱ्या माणसाला तू आहेस का म्हणून कोण विचारतं?

दुसरी मुलाखत डिसेंबरात. कंपनी मालवाहतुकीची, कार्यालय पुन्हा न्यू टाउनलाच, पण इमारतीला काच कमी. मुलाखतीला शर्मिष्ठा सान्याल म्हणून पन्नाशीच्या विभागप्रमुख होत्या, शालीत गुंडाळलेल्या. यामिनीने घोकलेला एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. "दाखवा काय केलंय," म्हणाल्या आणि माउस स्वतःकडे घेतला.

त्यांना नकाशा आवडला. हे लोक कोण, का येतात, का जातात, सगळं विचारलं. मनोहरकाकांची गोष्ट यामिनीने स्वतःहून सांगितली, चुकीसकट. बाई हसल्या. मग नकाशा दक्षिणेकडे सरकवत त्यांनी बालीगंजवर आणला. त्या स्वतः तिथल्याच. गरियाहाटच्या बाजाराला लागून एक करडा ठिपका होता. त्यांनी क्लिक केलं.

"देवस्थळी," त्यांनी वाचलं. "गेले, पुढच्या वर्षी." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुढचं वर्ष अजून आलं नाही. आणि तुम्ही तर माझ्यासमोर बसलात."

पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता, याचं उत्तर यामिनीला पाठ होतं. पुढच्या वर्षी तुम्ही कुठे आहात, असा प्रश्न कुठल्याच यादीत नव्हता.

"सगळ्यांचं तपासलं," ती म्हणाली. "माझं राहिलं. आमच्याकडे तीन वर्षं झाली की जायचं, हे इतकं ठरलेलं असतं की मी ते भरलं आणि मला ते दिसलंही नाही."

"मग खरं काय लिहायचं?"

यामिनीने हात पुढे करून लॅपटॉप आपल्याकडे वळवला. मूळ तक्ता उघडला, आपल्या घराची ओळ शोधली आणि तिथे थांबली. ओळ एक होती आणि त्यात माणसं तीन होती. तिने त्याच्या दोन ओळी केल्या. हेमंतच्या ओळीत पुढचं साल तसंच ठेवलं. आपल्या आणि नूपुरच्या ओळीतलं पुसलं.

"रिकामं ठेवते," ती म्हणाली.

गरियाहाटजवळ करड्याच्या शेजारी एक हिरवा ठिपका उमटला.

"आणि बदलीची ऑर्डर आली तर?" सान्यालबाईंनी विचारलं. अशा प्रश्नाचं उत्तर लोक काय देतात हे त्यांना माहीत असावं, कारण त्या तिच्याकडे न पाहता शाल सारखी करत होत्या.

"ऑर्डर त्यांना येईल," यामिनी म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तिच्या लक्षात आलं की हे वाक्य हेमंतच्या आधी एका परक्या बाईने ऐकलं. म्हणून घरी पोचल्यावर चपला काढता काढताच तिने ते त्याला सांगून टाकलं. पूजेच्या वेळचा 'तर' त्यात नव्हता.

हेमंत टीव्ही पाहत होता. त्याने आवाज बंद केला. "हे तू तिथे सांगितलंस?"

"तिथे विचारलं."

त्याला राग आला असावा, आणि रागात तिचं काही चुकलेलं सापडत नसावं. अशा वेळी माणूस जे करतो ते त्याने केलं, म्हणजे व्यवहाराचं बोलला. "आणि नोकरी नाही लागली तर?"

"तरी नूपुरची बारावी आहेच. शिकवण्या घेईन. दुसरीकडे अर्ज करीन."

"मला पोळ्या येत नाहीत, यामिनी."

आतून नूपुर ओरडली, "बाबा, पोळी एकदम सोपी आहे! मी व्हिडिओ पाठवते!"

"तुला कुठे येते?"

"मला नाही येते. पण व्हिडिओ आहे ना."

त्या रात्री त्यांच्याकडे भात झाला. पुढे काही दिवस दोघं एकमेकांशी फार जपून, पाहुण्यांसारखं बोलत होती. मग एका रविवारी हेमंत स्वतःहून परात घेऊन बसला. त्याची पहिली पोळी मनोहरकाकांनी फोटोत पाहिली आणि विचारलं, हा कुठल्या राज्याचा नकाशा?

नोकरी लागली. करारावर, एका वर्षासाठी, पुढचं काम पाहून. सान्यालबाईंनी तिला का घेतलं हे कधी सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी मात्र तिच्यापुढे ट्रकांचा एक तक्ता टाकून म्हणाल्या, "यातले रिकामे रकाने बघ. भरू नकोस. आधी फोन कर."

ऑर्डर मार्चअखेर आली. जबलपूर. हेमंत दोन बॅगा आणि एक तवा घेऊन गेला. बालीगंजच्या दिवाणखान्यातले पडदे यामिनीने खिडकीच्या मापाने कापून घेतले. कापड उरलं, त्याच्या नूपुरने उशा केल्या.

बदली-भत्त्याचा अर्ज बँकेच्या संगणकात मागच्या वेळचीच माहिती घेऊन उघडतो. हेमंतने क्रमांक एक आणि दोन काढायचा प्रयत्न केला, तर आश्रित मयत आहे की विभक्त, एवढे दोनच पर्याय आले. त्याने दोन्ही नाकारले आणि अर्ज होता तसा पाठवला. तो मंजूर झाला. त्यामुळे बँकेच्या दप्तरी सौ. यामिनी हेमंत देवस्थळी, आश्रित क्रमांक एक, व्यवसाय निरंक, या विहित मुदतीत व अनुज्ञेय सामानासह जबलपूर येथे स्थलांतरित झालेल्या आहेत.

ती बालीगंजला राहते.