सुकाणूला हात लावला म्हणून

"मार तिला," मालक म्हणाला. "तू मारलंस तर इथंच मिटलं. मी हात घातला तर उचलून न्यावी लागंल."

माझ्या बापाच्या, दादांच्या, हातात ओला दोर होता. नायलॉनचा, बोट बांधायचा. मी धरणाच्या काठावर, चिखलात गुडघ्यांवर. समोर हिरवळीवर पाहुणे जेवत होते. पुण्या-नाशिकचे. एका बाईनं खुर्ची वळवून घेतली, नीट दिसावं म्हणून. एकानं मोबाईल वर धरला.

दादांनी मारलं. हळू. दोर पाठीवर नुसता पडला.

"ह्याला मारनं म्हनत्यात व्हय, किसन्या? माझ्या बापानं तुझ्या बापाला कसं मारलं हुतं, इसरलास?"

मग दादांनी खरंच मारलं. पहिल्या फटक्याला मी ओरडले. नंतर ओरडले नाही, दात आवळले. दोराच्या टोकाला लोखंडी कडी होती. ती कानावर बसली. पाळी फाटली. रक्त मानेवरून कॅम्पच्या टी-शर्टात गेलं.

पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, "अहो, बास करा ना. जेवतोय आम्ही."

तेव्हा थांबलं.

माझा गुन्हा सांगते. भंडारदऱ्याच्या पाण्याकडेला मालकाचा कॅम्प होता. तंबू, हॉटेल, शिडाच्या बोटी. दादा तिथं रखवालदार, हमाल, सगळंच. बारावी झाल्यावर मीही तिथंच लागले. बोटी धुवायच्या. शिडं वाळत घालायची. पाहुणे बोटीत बसताना कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बोट धरायची. त्या दुपारी मालकाचा पोरगा विक्रम बोट फिरवून आला आणि शीड न उतरवताच जेवायला गेला. रतनगडाकडून वारा सुटला होता. शीड फडफडत होतं. ते उतरवायलाच मी चढले होते.

उतरवलं नाही. बसले. सुकाणू धरलं.

बोट एका अंगावर कलली आणि निघाली. इंजिन नाही, आवाज नाही. माझ्या मनगटाच्या जोरावर एवढी मोठी वस्तू वळत होती. मी पाण्याच्या मधोमध गेले, वळवली आणि परत आणली. कुठं घासली नाही, कुठं आपटली नाही. काठावर आले तर मालक उभा होता. त्यानं केस धरून मला खाली ओढलं.

"राजवाड्यातली बोट चालवाया लागली," तो पाहुण्यांकडं बघून हसला.

आमच्या वस्तीला गावात राजवाडा म्हणतात. म्हारवाड्याला चेष्टेनं पडलेलं नाव. आजोबांच्या वेळीच आम्ही बौद्ध झालो. वस्तीच्या कमानीवर वेगळं नाव आहे. गावाच्या तोंडात राजवाडाच.

मार झाल्यावर साबण आणायला लावला. माझा हात जिथं जिथं लागला ते सगळं धुवायचं. सुकाणू, दोर, बसायची फळी. माझ्या कानाचं रक्त फळीवर ठिपकत होतं, म्हणून परत धुवायचं. दादा बादलीनं पाणी ओतत होते. माझ्याकडं बघत नव्हते.

घरी आईनं कानाला हळद दाबली. दोर कुणी चालवला ते तिला कळलं तेव्हा तिनं दादांच्या पुढचं ताट उचलून दाराबाहेर भिरकावलं. "हात कापून टाक तो," म्हणाली. दादा भिंतीला टेकून बसून राहिले.

मी म्हणाले, "दादा, उद्यापासनं जाऊ नका तिथं."

सकाळी उठले तर दादा कामावर गेले होते.

त्याच सकाळी मी राजूरला येऊन एसटीत बसले. मावशी मुंबईला होती. बंदराजवळ श्रीमंतांच्या यॉट उभ्या असतात, तिथं धुण्यापुसण्याचं काम मला मिळालं. काम तेच. पाणी तेवढं खारट. पण तिथं मारिया नावाची गोव्याची एक बाई कप्तान होती. साठीला टेकलेली, तोंडानं फटकळ. यॉटी इकडून तिकडं पोचवायची. एकदा तिचा माणूस आला नाही. तिनं मला विचारलं, "पोहता येतं? ओकारी झाली तर साफ करशील? मग चल."

मी गेले. ओकले. साफ केलं. परत गेले.

समुद्र लाड करत नाही. गोव्याच्या वाटेवर एकदा पहाटेपासून वादळानं धरलं. यॉट उचलून आपटत होती. मी डोलकाठीशी शीड कमी करत होते. हातातला दोर सरकला आणि तळव्याची कातडी घेऊन गेला. पुढच्या लाटेनं मला कठड्यावर फेकलं. बरगडी मोडली, आतून आवाज ऐकू आला. मारिया सुकाणूवरून ओरडली, "रडायचं असेल तर नंतर! आधी गाठ मार!" मी गाठ मारली. त्या दिवशी मला एक गोष्ट उमजली. ह्या मारात अपमान नव्हता. लाट मला माझी वस्ती विचारत नव्हती. मारिया मला शिव्या देत होती, पण मी गाठ मारीन हे धरून देत होती. आयुष्यभर खाल्लेला मार आणि हा मार, मी वेगळा करायला शिकले.

मग मी ठरवलं. धुणारी राहायचं नाही. किनाऱ्यापासून लांब, खोल समुद्रात यॉट नेणारी कप्तान व्हायचं. त्याला परीक्षा असते. समुद्रात काढलेल्या प्रवासाचा हिशेब लागतो, नकाशे, भरती-ओहोटी, हवामान, रेडिओ, प्रथमोपचार. सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी राजूरच्या शाळेतलं. रडत शिकले. नापास झाले. परत बसले. त्यात वर्षं गेली.

शेवटची परीक्षा समुद्रातच. परीक्षक बरोबर बसतो. आळीपाळीनं एकेक उमेदवार कप्तान होतो आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. माझ्याबरोबर पुण्याच्या कारखानदाराचा मुलगा होता. त्याच्या पाळीत मी पळत होते. माझी पाळी आली तेव्हा तो दोर मांडीवर घेऊन बसून राहिला.

वारा चढला होता. परीक्षकानं एक फुगा पाण्यात फेकला आणि ओरडला, "माणूस पडला!" तो फुगा म्हणजे बुडणारा माणूस. त्याला उचलायचं. मी दोर सोडायला सांगितलं. पुणेकर म्हणाला, "नीट बोल. मी तुझा नोकर नाहीये."

यॉट वळायला लागली होती. शिडाखालचा आडवा दांडा फिरला की समोरचं डोकं फोडतो. त्याचं डोकं मध्ये होतं. मी एक हात सुकाणूवर ठेवला, दुसऱ्यानं त्याची मानगूट धरली आणि त्याला तोंडावर आपटलं. दांडा त्याच्या केसांवरून गेला. "सोड!" मी ओरडले. कधी नव्हे एवढ्या मोठ्यानं. त्यानं दोर सोडला. आम्ही फुगा उचलला.

त्याचं नाक फुटलं होतं. परीक्षकानं मला विचारलं, "घाबरलीस का?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "आवाज आधीच चढवायला हवा होतास."

मी पास झाले.

ती बातमी वस्तीत पोचली. वस्तीतून गावात. मग दादांचा फोन आला. दादा तोपर्यंत तिथंच कामाला होते. "बाय, मालक सत्कार करनार हाईत तुझा. मोटा मांडव घातलाय. ये."

"दादा, तुमाला बरं वाटतंय का हे?"

ते म्हणाले, "न्हाई. पर तू ये."

मी गेले. शाल घ्यायला गेले नव्हते. राजूरपासून फ्लेक्स लागले होते. त्यावर माझा फोटो, वर मालकाचा मोठा. 'आमच्या कॅम्पची कन्या.' मालकाला शिडाच्या बोटींची शाळा काढायची होती. माझं नाव हवं होतं. मांडवात गाव होतं, नगरहून आलेले पुढारी होते. आता पाटीवर अहिल्यानगर आहे, पण पुढारी तेच. राजवाड्यातली माणसं मागं, उन्हात उभी. आईही तिथंच. दादा पाण्याचे जग भरत होते.

मालक माईकवर म्हणाला, "हिच्या हातात पहिलं सुकानू म्या दिलं. लेक मानलं मी हिला."

टाळ्या पडल्या.

त्यानं माझ्या खांद्यावर शाल टाकली. हातात स्मृतिचिन्ह दिलं, पितळेचं जहाज, चांगलं जड. मी माईक घेतला. शाल काढून टेबलावर ठेवली. आणि सगळं सांगितलं. दोर, कडी, साबण. जेवणारे पाहुणे. "ह्या मानसानं माझ्या बापाकडनं मला मारवलं," मी म्हणाले. फाटलेली पाळी धरून दाखवली. मालक कोणत्या शब्दात काय बोलला होता ते तसंच बोलून दाखवलं.

विक्रमनं स्पीकरची वायर उपटली. धावत वर आला आणि माझे केस धरले, बापानं धरले होते तसेच. जातीवरून शिवी दिली. सगळ्यांच्या समोर. "लई माजली," म्हणाला आणि थोबाडीत मारली. डोळ्यांपुढं पांढरं झालं. तेवढ्यात कुणीतरी आमच्यामध्ये घुसलं. दादा होते. जग टाकून आले होते.

"सोड तिला," दादा म्हणाले. मालक नाही, साहेब नाही. नुसतं सोड.

विक्रमनं दादांच्या छातीत लाथ घातली. मांडवामागं पाण्यात उतरायच्या दगडी पायऱ्या आहेत. दादा त्यांच्यावरून गडगडत खाली गेले. हात अंगाखाली सापडला. हाड बाहेर आलेलं मी वरून पाहिलं.

पितळेचं जहाज माझ्या हातात होतं. मी ते विक्रमच्या तोंडावर हाणलं. दात पडले. तो बसला. मी परत हाणणार होते. आई मांडवातून धावत आली आणि तिनं माझा हात धरला. "बास. आता ठान्यात चल," म्हणाली.

दादांना दवाखान्यात पोचवून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. फौजदार म्हणाला, "ताई, तुमीपन मारलंय. त्यांचीबी तक्रार येनार. आपसात मिटवा." आई म्हणाली, "आदी लिवा." तो शिवी लिहीत नव्हता. 'अपशब्द वापरले' असं लिहिलं. मी कागद परत दिला. म्हणाले, "शब्द काय होता ते लिहा." ऊन उतरेपर्यंत आम्ही बाकावरून उठलो नाही. बाहेर वस्ती येऊन बसली होती. शेवटी त्यानं शब्द लिहिला. ॲट्रॉसिटीचं कलम लावलं. माझ्यावरही गुन्हा नोंदला. मी सही केली. मारलं होतं मी.

त्याच आठवड्यात मला यॉट मिळाली होती. कप्तान म्हणून पहिली. कोचीहून निघून अरबी समुद्र ओलांडायचा होता. मालकाचा वकील घरी आला. गोड बोलला. "तुमच्यावर गुन्हा आहे तोवर पोलिसांचा दाखला मिळणार नाही. परदेशात कोण उतरू देईल? तुम्ही मागं घ्या, ते मागं घेतात. एवढं शिकलात, पाण्यात घालवू नका."

तो गेल्यावर दादा प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "त्या दिवशी म्या दोर टाकाया पायजे हुता."

मी म्हणाले, "व्हय. टाकाया पायजे हुता."

त्यांना बरं वाटेल असं काही मी बोलले नाही. माझ्याजवळ तसं काही नव्हतं. दादाच पुढं म्हणाले, "कोर्टात सांगतो. मीच मारली म्हनून. कुनी मारायला लावली तेबी. मला आत घातलं तरी चालंल."

मी कोचीला फोन करून नाही म्हणून सांगितलं. यॉट दुसरा कप्तान घेऊन गेली. मारियानं फोनवर मला शिव्या घातल्या, मग रडली. मीही रडले. तो समुद्र मला हवा होता. अजून हवा आहे. खोटं कशाला बोलू.

परवा मालक स्वतः आला. राजवाड्यात पहिल्यांदा. गाडी कमानीबाहेर ठेवून चालत आला. मी दारात उभी होते. मी 'बसा' म्हणाले नाही.

"पोरी, इक्रमचा जामीन होईना," तो म्हणाला. "तुजं बी आयुष्य हाय फुडं. मिटवून टाकू. हे बघ, हात जोडतो."

त्यानं खरंच हात जोडले. गल्लीत कुणी नव्हतं. कुणी नाही हे बघूनच जोडले होते.

मी म्हणाले, "ते कोर्टात जोडा. समद्यांच्या फुडं."

"एवढ्यासाठी सगळं घालवनार व्हय?"

"व्हय," मी म्हणाले आणि दार लावलं.

तारीख संगमनेरला आहे. मी आणि दादा जाणार आहोत. मारल्याबद्दल मला शिक्षा झाली तर भोगीन. तक्रारीतला एक शब्द मागं घेणार नाही.