नीलूचा चार्ट आणि माझी हजेरी

आयुष्यात मी एकूण चार दिवस व्यायाम केला आणि तोही दुसऱ्याच्या नावावर.

तेव्हा मी भिलाईच्या कारखान्यात टाइम ऑफिसला क्लार्क होतो. गेटवर कोण किती वाजता आला आणि कोणाचं कार्ड कोणी पंच केलं, हे बघण्यात माझी वीस वर्षं गेली होती. एकाचं कार्ड दुसऱ्यानं पंच करायचं, म्हणजे प्रॉक्सी, हा माझ्या मते जगातला सगळ्यात मोठा गुन्हा होता. (खुनाचा नंबर त्याच्यानंतर.) एवढी कडक नोकरी करून माणूस घरी दमून येतो आणि त्याला वाटतं, आता कोणी आपल्याला उचलून आपटू नये. पण माझी मुलगी ज्युडो खेळत होती.

नीलू बारावीत होती. वजन अठ्ठेचाळीस किलो, राग साधारण नव्वद किलोचा. मध्य प्रदेशच्या संघाची (छत्तीसगड तेव्हा वेगळं झालं नव्हतं) निवड रायपूरला होणार होती आणि तिच्या आईनं निकाल आधीच देऊन ठेवला होता.

"यावर्षी टीममदी आली त खेळ. नाही आली त बारावीनंतर ते पांढरे कपडे पेटीत जातीन. मले रोज रोज तिची निळी-काळी ढोपरं पाहवत नाही, बाप्पा!"

म्हणजे पोरीचा सगळा खेळ त्या एका दिवसावर आला होता. आणि नेमके त्याच वेळी तिचे कोचसर बहिणीच्या लग्नासाठी पंधरा दिवस गावी निघाले! हे सर आमच्याच कारखान्यात रोलिंग मिलला होते. एकदा ते मैदानावर असताना त्यांचं कार्ड मित्रानं पंच केलं, ते मी पकडलं होतं आणि वर रिपोर्टही केला होता. तेव्हापासून ते माझ्याशी फार अदबीनं आणि फार कमी बोलत. जाताना त्यांनी माझ्या हातात एक कागद ठेवला.

"बाबूजी, ये पंद्रह दिन का चार्ट है. आपसे पक्का आदमी मुझे नहीं मिलेगा."

या एका वाक्यानं मी फुगलो. चार्ट मी रोजचा रोज रजिस्टरमध्ये लाल-निळ्या शाईनं उतरवू लागलो. पहाटे साडेपाचला मैदानाला दहा चकरा. मग दोर चढणे. मग झाडाला सायकलची ट्यूब बांधून, समोरच्याला पाठीवर घेतल्यासारखं वळून ती दोनशे वेळा खेचणे. शेवटी बरोबरीच्या वजनाचा जोडीदार पाठीवर घेऊन जिना चढणे. जोडीदार मुलीला कावीळ झाली होती. घरात बरोबरीच्या वजनाचा माणूस शोधला तर तो मीच निघालो! बेचाळीस वर्षांचा, सरकारमान्य क्लार्क, वजन एकोणपन्नास.

अकरा दिवस नीलूनं मला आमच्या ब्लॉकच्या जिन्यावरून वर-खाली वाहिलं. सतरा पायऱ्या, दहा खेपा. मी पाठीवर बसून खेपा मोजायचो. दूधवाला, पेपरवाला, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळे भिंतीला चिकटून आम्हाला वाट देत. काकूंनी तिसऱ्या दिवशी बायकोला हळूच विचारलं, "भाईसाब के पैर में क्या हुआ?" बायको म्हणाली, "पायाले काही नाही, डोक्याले झालं." तरी रोज रजिस्टरमध्ये "हजर" लिहिताना माझा ऊर भरून यायचा.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मी चार्टचा कागद उलटला आणि घाबरलो. शेवटचे चार दिवस कोरे! एक अक्षर नाही.

"सर लिहाले विसरले," मी म्हटलं. "लग्नाची घाई."

"बाबा, सरनं मुद्दाम रिकामं सोडलं असन," नीलू म्हणाली. "आराम असन. मेरा बदन भी टूट रहा है."

"आराम असता त 'आराम' लिहिलं असतं. रिकाम्या खान्याले आमच्याकडं गैरहजर मनतात!"

वीस वर्षांत मी कोरा रकाना कधी सोडला नव्हता. रात्री जेवण बाजूला सारून मी त्या चार चौकोनांकडे बघत बसलो. शेवटी आधीचे सगळ्यात अवघड चार दिवस शोधून मी तेच पुन्हा उतरवून काढले आणि शांत झोपलो.

पहाटे नीलूला हाक मारली, तर पांघरुणातून आवाज आला, "आज फिजिक्सचं प्रॅक्टिकल हाय. मी नाही येत."

"अन् रजिस्टरमदी का लिहू?"

"गैरहजर लिवा."

पेन उघडलं. हात थांबला. पोटच्या पोरीला, निवडीला चार दिवस उरले असताना गैरहजर? बाप म्हणून हात चालेना आणि क्लार्क म्हणून खोटं "हजर" लिहिता येईना. मग पहाटेच्या त्या थंडीत मला एक मार्ग सुचला, आणि तो मला चक्क प्रामाणिक वाटला! काम झालं की हजेरी खरी. काम कोणी केलं, एवढंच तर बदलत होतं.

मी मफलर बांधून मैदानात गेलो. दहा चकरांपैकी तीन पळत मारल्या, चार चालत आणि उरलेल्या तीन कशा मारल्या ते सांगण्यासारखं नाही. दोर मी चढलो नाही, पण दहा मिनिटं त्याला धरून उभा राहिलो. झाडाची ट्यूब मात्र खरोखर दोनशे वेळा खेचली. दोनशेव्या वेळी गाठ सुटली आणि ट्यूब अशी पाठीवर बसली की झाडावरचे बगळे उडाले. घरी येऊन मी "हजर" लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखत होतं. तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलची वही पूर्ण करायची होती. चौथ्या दिवशी तिनं कारणसुद्धा दिलं नाही.

"आज कावून नाही?"

"तुमी करूनच राहिले ना!"

तोवर माझी अवस्था अशी होती की खुर्चीवर बसायला दोन माणसं लागत आणि उठायला तीन. पण जिना राहिला होता. जोडीदार हवा होता, बरोबरीच्या वजनाचा. बायकोला विचारण्याची सोय नव्हती (दोन्ही अर्थांनी तिचं वजन जास्त). मी नीलूलाच म्हटलं, "चल, बस पाठीवर."

ती बसली! फिजिक्सचं पुस्तक घेऊन बसली. मी एक पायरी चढलो. दुसरी चढलो. ती वर बसून "प्रकाशाचे परावर्तन" पाठ करत होती. सहाव्या पायरीवर मी कठडा धरून तिथेच टेकलो. ती उतरली आणि ओढणीनं माझ्या मानेवरचा घाम पुसू लागली.

"बाबा, कायले करून राहिले तुमी हे?"

"तुह्या टीमसाठी," मी म्हटलं. खरं तर रजिस्टरसाठी, पण त्या पायरीवर मला दोन्ही एकच वाटत होतं. पोर शेजारी बसून राहिली. त्या चार दिवसांचा शीण त्या पाच मिनिटांत अर्धा उतरला.

निवडीच्या दिवशी आम्ही बसनं रायपूरला गेलो. वाटेतल्या कुम्हारीपर्यंत मी उभा होतो, पुढे जागा मिळाली तेव्हा बसता येईना. कोचसर गावाहून थेट तिथं आले होते. त्यांनी आधी रजिस्टर मागितलं. मी अभिमानानं दिलं. पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"ये आखिरी चार दिन क्या है?"

"आप भूल गए थे. मैंने भर दिया."

"भूल गया था? जानबूझ के खाली छोड़ा था, बाबूजी! ग्यारह दिन तोड़ने के बाद बदन को आराम देते हैं, ताकत तब बनती है! थकी हुई लड़की को मैट पर उतारूँगा तो कंधा जाएगा इसका. मैं नाम वापस ले रहा हूँ."

ते टेबलाकडे निघाले. नीलूचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. बापाला चारचौघांत उघडं पाडण्यापेक्षा तिनं खेळ सोडला असता, हे मला त्या नजरेत दिसलं आणि मीच शरमलो.

"सर, रुकिए!" मी ओरडलो. "वो चार दिन इसने नहीं किए. आराम किया."

"फिर 'हाजिर' किसका लिखा है?"

"किया... मैंने. इसके नाम पर."

सर वळले. आजूबाजूचे पंच, पालक, खेळाडू, सगळे बघू लागले. सरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझे वाकलेले गुडघे पाहिले आणि अगदी अदबीनं विचारलं, "प्रॉक्सी, बाबूजी?"

मी मान खाली घातली. (मान तशीही वर होत नव्हती.)

सर असे हसले की पंचांचा आवाज ऐकू येईना. मग ते नीलूला म्हणाले, "जा बेटा, कपड़े बदल."

नीलू खेळली. चार दिवस झोपलेली, खाल्लेली, टवटवीत पोर! पहिल्या दोन मुलींना तिनं मिनिटभरात पाडलं. शेवटची इंदूरची होती, उंच आणि चपळ. ती थोडी पुढे झुकली, नीलू गर्रकन वळली, तिला पाठीवर घेतलं आणि धाडकन मॅटवर टाकलं. पंचाचा हात सरळ वर गेला. माझी पोर मध्य प्रदेशच्या संघात आली! मला उडी मारावीशी वाटली, टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात खांद्यापर्यंतही गेले नाहीत. मी नुसता बाकावर बसून रडलो आणि मग उठायला गेलो.

कंबरेत काहीतरी खटकन झालं. चार स्वयंसेवकांनी मला स्ट्रेचरवर घालून डॉक्टरांच्या टेबलापाशी नेलं. सकाळपासून बिचारे डॉक्टर पट्ट्या मांडून बसले होते, एकही खेळाडू जखमी झाला नव्हता. त्यांनी मोठ्या उत्साहानं फॉर्म काढला, माझी कंबर दाबली आणि आदरानं विचारलं, "किस वजन में खेले, भाईसाब?"

मी डोळे मिटून म्हटलं, "देखने आया था."