ठिव, लेकरा

"उचलतंय कुणीबी, गड्या. ठिवायला शिक." आमच्या उंब्रजच्या तालमीतले वस्ताद उठताबसता हेच ऐकवायचे.

तालमीच्या दारात मणभर वजनाची एक गोल दगडी गोटी होती आणि तिच्या शेजारी वस्तादांचं मांजर झोपलेलं असे. पोरानं गोटी छातीपर्यंत उचलायची आणि वस्ताद "ठिव" म्हणाले की खाली ठेवायची. मांजराचा कान हलला, तर पुन्हा उचल! माझं किराणा दुकान समोरच. त्या मांजराइतका माजलेला प्राणी मी पंचक्रोशीत पाहिला नाही.

वस्तादांचा एक लाडका पठ्ठ्या होता. अंगानं रेडा, स्वभावानं गाय. सत्तरच्या दशकात सांगलीला वजन उचलण्याच्या स्पर्धा भरल्या, तेव्हा साखर कारखान्याच्या चेअरमननी त्याला शब्द दिला, जिंकलास तर पहारेकऱ्याची नोकरी. त्याचं शेत वीतभर आणि घरात खाणारी तोंडं ढीगभर. काळजीनं वस्तादांचंच जेवण तुटलं.

मीही सोबत गेलो. शेवटचं वजन होतं. पठ्ठ्यानं दांडा मांड्यांपर्यंत आणला आणि ताठ उभा राहिला. खरं सांगतो, असं उचलणं मी पुन्हा पाहिलं नाही. पंचांनी हात खाली केला. हा ठेवीना!

"डाऊन!" पंच ओरडले.

"वस्ताद कुठं हायती?" पठ्ठ्या दातओठ खात म्हणाला.

वस्ताद बाहेर रसवंतीच्या मागे उभे होते. आपलं पोरगं उचलताना त्यांना बघवत नसे. डोळे मिटलेले, कानांत बोटं, तोंडानं मारुतीचा धावा. मी दंडाला धरून ओढत आणलं. "आवं वस्ताद, त्यो ठिवत न्हाई!"

"ठिव, लेकरा."

त्यानं ठेवलं. एवढं लोखंड, पण आवाज नाही. वस्तादांनी सवयीनं आजूबाजूला मांजर शोधलं.

इशारा पाळला नाही म्हणून पंचांनी वजन बाद केलं. वस्ताद मटकन खाली बसले. पाहुण्यांत बसलेले चेअरमन मात्र उठून म्हणाले, "सांगितल्याबिगर हातातलं सोडत न्हाई, असाच गडी गोदामावर पायजे!" बक्षीस गेलं, नोकरी मिळाली.

पुढे वस्ताद गेले. पठ्ठ्या कारखान्यातून गणवेशातच धावत आला आणि त्यानं तिरडीला पुढून खांदा दिला. विसाव्यापाशी आम्ही तिघे खाली वाकलो. तो ताठच. तिरडी कलली. कुणी रागावलं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं तो कशासाठी थांबलाय. पण "ठिव" म्हणणारे तर तिरडीवर होते.

शेवटी मीच म्हणालो, "ठिव, लेकरा."

त्यानं ठेवली. जराही आवाज झाला नाही. मग त्यानं जो हंबरडा फोडला, तो पार बाजारपेठेपर्यंत ऐकू गेला.