डेल्माच्या घरातली पोरं

डेल्मा झानार्डीला रग्बी लीगचे नियम कधी नीट कळलेच नाहीत. तिचा नवरा ब्रूनो उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कॅलवेरा गावच्या क्लबकडून खेळला, नाकाचं हाड दोनदा मोडून घेतलं, तरी ती बाकावर बसून शेजारच्याला विचारायची, "आता बॉल त्यांना का दिला?" मी त्या क्लबचा पट्ट्या बांधणारा. खेळाडूंचे घोटे, खांदे, बोटं, सगळं माझ्या हाताखालून जायचं. म्हणून जे झालं ते मी जवळून पाहिलं.

ब्रूनो वारला त्या वर्षी आमचा क्लब जिल्ह्यात शेवटचा आला. अध्यक्ष नेव्हिल क्रॅस्कने सभेत जाहीर केलं की सिडनीचा एक नावाजलेला खेळाडू आपल्याकडे यायला तयार आहे. वय झालंय, पण नाव मोठं आहे. साखर कारखाना, म्हणजे आमची मिल, पैसे देणार होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेल्मा सँडविच वाटायला आली होती. हातात चहाची किटली तशीच धरून तिने विचारलं, "तो राहणार कुठे?"

"मिलच्या जुन्या बंगल्यात," नेव्हिल म्हणाला.

"एकटा? तिथे सहा पोरं मावतील. ब्रूनो नेहमी म्हणायचा, बेटांवरची पोरं वाळूत अनवाणी खेळतात, त्यांच्यासारखे हात कुणाचे नाहीत. त्यांना आणा. इथे शाळा आहे, मिलमध्ये काम शिकता येतं. आणि आपली गावातली पोरं आहेतच की."

"आणि त्यांना जेवायला कोण घालणार, डेल्मा?"

"का? माझे हात मोडलेत?"

बराच वाद झाला. आमचा तरुण प्रशिक्षक तिच्या बाजूने उभा राहिला आणि प्रस्ताव कसाबसा मंजूर झाला. तो नावाजलेला खेळाडू शेजारच्या गावाने उचलला. डेल्माने स्वतःच्या घराला कुलूप लावलं आणि ती बंगल्यात राहायला गेली.

फेब्रुवारीत टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरून पंधरा-सोळा वर्षांची पोरं आली. पहिल्या मोसमात आम्ही इतके हरलो की गुणफलकाकडे बघवेना. शेजारच्या गावाने तर आम्हाला धुऊन काढलं. कठड्यावरून आमच्याच गावचा केव्हिन ओरडला, "डेल्मा, पाळणाघर कधी बंद करतेस?"

"तुझा धाकटा अजून तुझ्याच कुशीत झोपतो ना? त्यालाही पाठव," ती म्हणाली, आणि केव्हिनची बायकोच सगळ्यांत मोठ्याने हसली.

पोरांमध्ये एझ्रा गामिया सगळ्यात गुणी. पळायला लागला की समोरच्याचे हात हवेतच राहायचे. पण आल्यापासून तो जेवेना. डेल्माचा लसान्या, तिच्या हातचा थरांचा इटालियन पास्ता, ताटात चिवडून उठायचा. शेवटी तिने त्याच्या आईला, मेरिबाला, फोन लावला. मी तिथेच एकाच्या अंगठ्याला पट्टी बांधत होतो. डेल्मा विचारत होती, "नारळाचं दूध किती? आणि भोपळा आधी घालायचा की रताळी?" मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. फोन ठेवून मला म्हणाली, "आई म्हणते, तो अंथरुणात रडला तर जवळ जाऊ नका, लाजतो. स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहा. कोणीतरी जागं आहे एवढं कळलं की झोपतो."

त्यानंतर त्या बंगल्यात भांडी फार वाजायची. आणि एझ्रा दोनदा वाढून घ्यायला लागला.

तिसऱ्या मोसमात हीच पोरं अंगाने भरली, एकमेकांना न बघता पास द्यायला लागली. तोडणीआधी उसाच्या फडांना आग लावली की काळी राख मैदानावर उडायची, आणि त्या राखेत आम्ही एकेक सामना जिंकत उपांत्य फेरीत पोचलो. तिथे एझ्राचा गुडघा गेला. मी धावत पोचलो तेव्हा तो ओरडतसुद्धा नव्हता. पुढे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, चालेल-फिरेल, पण खेळणं संपलं.

नेव्हिल वाईट माणूस नव्हता. पण नियम त्यानेच केला होता, बंगल्यातली खाट फक्त खेळणाऱ्याला. नवा मुलगा यायचा होता. तो बंगल्यावर आला आणि हळूच म्हणाला, "एझ्राला घरी पाठवायला लागेल, डेल्मा."

"त्याच्या आईशी कोण बोललं होतं? मी. शाळा पुरी करू, काम शिकवू, असं सांगितलंय तिला. गुडघा शाबूत राहिला तरच, असं मी म्हटलं नव्हतं."

"खाट कुठून आणू मी?"

"माझी घे."

तिने खरोखरच आपली खोली नव्या मुलासाठी रिकामी केली आणि स्वतःसाठी व्हरांड्यात घडीची खाट टाकली. एझ्राने मात्र बॅग भरून ठेवली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "आंटी, मी कशाला राहू? आता मी कुणाच्याच कामाचा नाही."

"आधी हे कांदे चीर."

तो चिरत बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांद्यामुळे, असं म्हणायची सोय होती. चिरलेले कांदे कढईत ढकलत डेल्मा म्हणाली, "मिलमध्ये फिटरच्या हाताखाली जागा आहे. तिथे पळावं लागत नाही. आणि बाळा, तू माझ्याकडे आलास तेव्हा कामाचा आहेस की नाही, हे मी विचारलं होतं का?"

त्याने बॅग उघडली. आठवड्याभरात नेव्हिल आपल्या सुतार मुलाला आणि लाकडाच्या फळ्या घेऊन आला आणि त्यांनी व्हरांडा बंद करून खोली केली. कुणी काही विचारलं तर म्हणायचा, "डास फार झालेत." खाटेच्या नियमाचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही.

एझ्रा फिटर झाला. मिलमधून सुटला की तेलकट बुटांनिशीच मैदानावर यायचा आणि दहा वर्षांखालच्या पोरांना शिकवायचा. त्याच्यासारखं समजावून सांगणारा माणूस मी पाहिला नाही. बंगल्यातली दोन पोरं ब्रिस्बेनच्या मोठ्या संघात गेली, टीव्हीवर दिसायला लागली. बाकीचे कोणी इलेक्ट्रिशियन झाले, कोणी बेटांवर परतून मासेमारीच्या होड्या चालवू लागले. आम्ही जिल्ह्याचा करंडक जिंकला तेव्हा संघात पैसे मोजून आणलेला एकही खेळाडू नव्हता.

दोन वर्षांपूर्वी डेल्माच्या कमरेचं ऑपरेशन झालं. बंगला आता एझ्रा आणि त्याची बायको सांभाळतात. डेल्माला स्वतःच्या घरी परतायचं होतं, पण बंद घरात गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. ती इस्पितळात असताना पोरांनी घर साफ केलं आणि स्वयंपाकघराला रंग दिला. क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीचा उरलेला, झगझगीत हिरवा.

डेल्मा काठी टेकत आत आली आणि थबकली. "अरे देवा! कुणाची अक्कल ही?"

धिप्पाड पोरं मान खाली घालून उभी. एझ्रा म्हणाला, "उद्याच पांढरा देतो, आंटी."

ती भिंतीला हात लावून बघत राहिली. मग खुर्चीत बसली, काठी बाजूला ठेवली. "राहू दे," ती म्हणाली. "आणि उभे काय राहिलात? भूक लागली असेल. बसा."